मधे कुणी नको

ट्रॅक्टरला खड्डे पाडायचं मशीन जोडायला घेतलं की मदतीला माणसं आपोआप गोळा होतात. एक जण दांडा धरतो, दुसरा ‘येऊ दे, येऊ दे, बस्स!’ म्हणत हात हलवतो. शेतमालक तर थेट मागच्या चाकांच्या मधे. मी आधी सगळ्यांना बाजूला काढतो. क्लचवरून पाय जरा सुटला तरी ट्रॅक्टर वीतभर मागे येतो, आणि मधल्या माणसाला तेवढी वीत पुरते.

पाडव्यापासून मृगापर्यंत सांगोला-जत पट्ट्यात डाळिंबाचे खड्डे आणि ड्रॅगन फ्रूटचे खांब, यावर आमचं चालतं. रोटाव्हेटर जमिनीवर गप बसून राहतो, हे मशीन नाही राहत. लांब दांडा, टोकाला गिअरबॉक्स, त्याखाली लोंबणारं ऑगर. आडवं टाकलं तर उचलताना कुठं लोळेल याचा नेम नाही. म्हणून सोडतानाच मी ते लोखंडी घोडीवर उभं टांगून ठेवतो. मग जोडायला एकटा पुरतो.

ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, मगच खाली उतरायचं. आधी डावी लिंक. उजवी मागून, कारण उंची कमी-जास्त करायचं हँडल तिच्याच बाजूला असतं. भोक अर्धा इंच चुकलं तर हँडल फिरवायचं, पहारीनं ठोकत बसायचं नाही. वरचा दांडा शेवटी. प्रत्येक पिनेला लिंच पिन. तारेचा पीळ कितीही पक्का असो, मला चालत नाही.

खरा वेळ मी पीटीओच्या शाफ्टला देतो; ट्रॅक्टरची ताकद गिअरबॉक्सला त्यातूनच जाते. ‘टक’ वाजलं तरी मागे ओढून बघतो. मग पीटीओ न लावता मशीन हायड्रोलिकवर सावकाश वर-खाली करतो. शाफ्टच्या नळ्या एकीत एक सरकतात. वर नेताना पार दाबल्या गेल्या तर बेअरिंगवर ताण येतो, खाली नेताना फार ताणल्या तर सुटतात. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक गुंतलं तर ओरडायलाही सवड नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं की लोक काढून फेकतात. मी नवं आणतो, तो मालकांना माझा नखरा वाटतो.

मुरमात ऑगर रुतलं की हायड्रोलिकनं उपसायचा मोह होतो. तसं करायचं नाही. इंजिन बंद, चावी खिशात, आणि मोठा पाइप पाना लावून ऑगर हातानं उलटं फिरवायचं.

राहिला शिअर बोल्ट. दगड लागला की तो तुटावा, म्हणूनच दिलेला असतो. तरी प्रत्येक हंगामात कुणीतरी म्हणतंच, “भाऊ, हाय टेन्साइलचा टाका की, सारखं थांबायला नको.” टाकला, तर बोल्ट टिकतो आणि पीळ गिअरबॉक्सवर जातो. मी सीटखाली डबाभर साधे बोल्ट ठेवतो आणि म्हणतो, तुटू द्या, तोवर तुम्ही चहा सांगा.