नौदलाच्या वाटेने : भाग ३ – पत्ता, फ्लीट मेल ऑफिस

सोमवार, दादर

सकाळीच हिंदू कॉलनीत काका-काकूंकडे पोचलो. १९७१ च्या युद्धात काका पश्चिम ताफ्यातल्या एका फ्रिगेटवर लेफ्टनंट होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लढाईचं विचारलं की दोन वाक्यांत आटोपतात, रोजच्या दिनक्रमावर मात्र भरभरून बोलतात. चार-चार तासांचे वॉच. त्यांत रात्री बारा ते चारचा सगळ्यांत जड. संध्याकाळचे चार तास दोन भागांत तोडायचे, म्हणजे तीच पाळी रोज एकाच्याच गळ्यात पडत नाही. दिवस मावळला की बाहेर उजेडाची तिरीप जाता कामा नये, डेकवर विडी-सिगारेट बंद. गोडं पाणी जपून. झोपायचं अंगावरच्या कपड्यांनिशी, लाइफजॅकेट उशाशी.

“घाबरायला उसंत लागते,” काका म्हणाले. “आम्हाला नुसती झोप यायची.”

मंगळवार, गिरगाव

आज काकूंबरोबर ठाकुरद्वारला, त्यांच्या माहेरच्या चाळीत. ते दिवस त्यांनी इथेच काढले. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि मुंबईत ब्लॅकआउट झाला. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग. जहाज कुठे आहे, हे बायकोलाही सांगायची सोय नाही. पाकिटावर नाव, हुद्दा, जहाज आणि ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. पत्र मुंबईतून मुंबईतच जायचं. पुढे कुठे, ते देवाला ठाऊक. उत्तरातही ठिकाण नाही, दिशा नाही. मग लिहायला उरतं काय? जेवण!

“युद्धातलं यांचं एकुलतं एक पत्र,” काकू हसल्या, “आणि त्यात काय, तर वॉर्डरूममधली डाळ पातळ झालीय!”

बुधवार, लालबाग

काकांच्याच जहाजावर इंजिनरूममध्ये असलेले एक खलाशी इथे मुलाकडे असतात. त्यांचं बिऱ्हाड तेव्हा राजापूरकडच्या गावी होतं. बायकोला वाचता येत नव्हतं. पत्र पोस्टमनच वाचून दाखवायचा.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. गिरगावात ‘खुकरी’ हे नाव कळलं, तेव्हा काकूंना निदान आपलं जहाज वेगळं आहे एवढं समजलं. गावात पोचलं ते इतकंच : मुंबईची बोट बुडाली. पत्र येईपर्यंत त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

‘खुकरी’वर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. एका अधिकाऱ्यामागे जवळपास दहा. नौदलातल्या विरहाच्या गोष्टी आपण बहुधा अधिकाऱ्यांच्या घरून ऐकतो. वाट पाहणारी बहुतेक घरं मात्र राजापूरच्या त्या घरासारखी होती, जिथे नकाशा नव्हता आणि जहाजाचं नावही नीट ठाऊक नव्हतं.

पुढचा मुक्काम दीव.