भुकेची ओळख

आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी साक्ष देण्याची रीत आहे. कुणीतरी बाकावरून उठतं, घसा साफ करतं आणि सांगू लागतं. मुलाचं ऑपरेशन झालं, नवऱ्याची नोकरी गेली होती ती परत लागली, कर्ज फिटलं, प्रभूनं तारलं. मागून "हालेलुया" येतं. या साक्षी मला आवडतात. त्यांत झळ सोसून जगलेली माणसं असतात. पण ज्यांचं ऑपरेशन फसलं, ज्यांची नोकरी गेली ती गेलीच, ती माणसं साक्षीला क्वचित उठतात. काही तर चर्चला यायचीच थांबतात. पाळकसाहेब प्रवचनात आगीत तावून निघणाऱ्या सोन्याचा दाखला देतात तेव्हा मला तीच आठवतात. माणूस सोनं नव्हे. आगीत सोनं उजळतं, माणूस बहुधा भाजतो.

मग संकटातून श्रद्धा खोल होते हे खोटंच का? तसंही म्हणवत नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य आडवं येतं. एकाच भुकेनं त्यांच्याकडून एक श्रद्धा काढून घेतली आणि पुढे वीस-बावीस वर्षांनी दुसरीला मूळ धरायला लावलं.

1858 साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, तरी मागे हटले नाहीत. पुढे सारं कुटुंब तीर्थाटनाला निघालं. देवळांत पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. आता पुराण ऐकायला आणि ऐकून काही द्यायला कुणाजवळ काय उरलं होतं? मजुरी करायची तर ती कधी शिकवलीच नव्हती. भांडी गेली, कपडे गेले, अखेर झाडाचा पाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आई शेवटच्या आजारात बाजरीची भाकरी मागत होती. वेदशास्त्राच्या घरात वाढलेली ही मुलगी एका शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना, चेहरा मात्र सारं सांगत होता. त्या बाईनं न मागता तुकडा दिला. तो आईपर्यंत पोचला, पण आईला खाता आला नाही.

उरली ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे चालत गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून वाळूत आपापल्या मापाचे खड्डे खणले, आत आडवी झाली आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. तेवढं डोकं बाहेर. इतकी व्रतं केली, होतं नव्हतं ते दान दिलं, देव काही बोलला नाही, हा हिशेब दोघांच्या मनात तेव्हाच मांडला गेला होता. घरातली श्रद्धा त्या वाटेवर गळून पडली. संकटाची थोरवी गाणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. भुकेनं इथं श्रद्धा घडवली नाही, मोडली.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 1878 मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब, मग भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मनोरमेचा जन्म आणि 1882 मध्ये नवऱ्याचा कॉलऱ्यानं मृत्यू. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा. तरी रमाबाई मुकाट मान डोलावणाऱ्यांतल्या झाल्या नाहीत. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना हात दिला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून धर्मतत्त्वांवर वाद घालत. स्वतःच्या सदसद्विवेकावर कुणा बिशपचीही सत्ता त्यांना मान्य नव्हती. आणि पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं जावी लागली.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या येऊ लागल्या. परतल्यावर रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या पुण्यातल्या शारदा सदनावर आधीच वादळ येऊन गेलं होतं. मुलींना ख्रिस्ती करतात या ओरडीनं 1893 मध्ये बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं होतं. हातात पुरेसा पैसा नाही, पुरेशी जागा नाही. तरी त्या निघाल्या. अन्नछत्रांजवळ, रस्त्यांवर बसलेल्या, हाडांवर कातडं ताणलेल्या मुली पाहिल्या. या मुलींची भूक त्यांनी ओळखली. ती ओळख वाचनातून आलेली नव्हती. शेकडो मुलींना घेऊन त्या परतल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे तिथंच मुक्ती सदन वाढलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

मला वाटतं, रमाबाईंची श्रद्धा खऱ्या अर्थानं खोल गेली ती इथं. लहानपणीच्या भुकेचं 'का' त्यांना कुठल्याच धर्मानं सोडवून दिलं नाही. ख्रिस्तानंही दिलं नाही. त्यानं त्या भुकेला काम दिलं. दारात उभं राहून ज्या मुलीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिच्या अंगणात आता न मागता ताट वाढलं जाऊ लागलं. आपल्या कळवळ्यातून परक्याचा कळवळा जागा होणं हीच वधस्तंभाची शिकवण असेल, तर रमाबाईंनी ती बाजारभावानं ज्वारी विकत घेत, विहिरी खणत, चाऱ्याची तजवीज करत गिरवली. ध्यानाच्या खोलीत त्यांचा देव मोठा झाला असेल. माझ्या मते तो कोठाराच्या दारात जास्त मोठा झाला.

म्हातारपणी त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून मराठी बायबलचं भाषांतर चाललं होतं. अक्षरं जुळवायला आणि छापायला आश्रमातल्याच बायका होत्या. कधीकाळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीही त्यांत होत्या. साध्या बाईला कळेल असं शास्त्र हवं, हा त्यांचा हट्ट. 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर आश्रमाची पुढची भिस्त होती ती मुलगी. पुढच्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये.

मनोरमेच्या मृत्यूनं रमाबाईंची श्रद्धा आणखी खोल झाली, असं मी लिहिणार नाही. पोटच्या पोरीच्या मरणाचा असा नफा काढणं मला पाप वाटतं. मात्र संकटातून गेलेल्या कुणालाही, मलाही, एक प्रश्न विचारायचं धाडस त्यांच्यामुळे होतं. प्रभूनं तुला तारलं हे कळलं. तुझ्यासारखीच अडलेली बाई आता तुला दुरूनही ओळखू येते का? येत असेल, तर दुःख फुकट गेलं नाही. येत नसेल, तर नुसतं संकट टळलं, एवढंच.