खजुराचा शिरा

आम्हा ज्यूंच्या पेसाहच्या सणाची तयारी हिंगाच्या डबीपासून सुरू होते. बाजारातला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मळलेला असतो, आणि निसान महिन्याची पंधरावी संध्याकाळ लागली की आठ दिवस आमच्या घरात फुगू शकेल असं कोणतंही धान्य ठेवायचं नसतं. म्हणून आधी हिंग जातो. मग रवा, मैदा, शेवया, कुरडया, पाव, बिस्किटं. मग कणकेच्या डब्याखालचा कागद, गॅसच्या शेगडीमागची फट, मुलांच्या दप्तरांचे तळ.

यंदा पहिल्यांदा सेदेर, म्हणजे सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, माझ्या घरी ठरला. आईला आता ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. मी कागद घेऊन बसले, पण कितीतरी वेळ त्यावर एकाही पदार्थाचं नाव आलं नाही; काय काढायचं तेवढंच येत गेलं. तीच योग्य सुरुवात आहे असं मला वाटतं. काय रांधायचं ते रिकाम्या फळीसमोर उभं राहूनच ठरवावं.

आणि फळी रिकामी झाल्यावर कोकणी घरात उरतं तरी काय? तांदूळ, नारळ, कोकम, मासळी, बटाटे, हिरवा मसाला. म्हणजे जवळपास रोजचं सगळं जेवण! तालमूदने खमिराची धान्यं पाचच मोजली आहेत: गहू, सातू, ओट, राय आणि गव्हाचाच एक जुना भाऊबंद. तांदूळ त्यात नाही. ही शिस्त आमच्यात फार जुनी आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी आमची परंपरा सांगते. त्यांचे वंशज अष्टागरातल्या गावांमधून तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. पोथ्या त्यांच्याजवळ राहिल्या नव्हत्या. मिसरच्या गुलामीतून सुटकेची कथाही विस्मरणात गेली होती. तरी याच दिवसांत ते ‘अनशी ढाकायचा सण’ पाळत होते. आंबट कालवणाचं मडकं तेवढ्या काळापुरतं झाकून ठेवायचं. कथा गेली, पण स्वयंपाकघरातला नियम टिकला. तो टिकवणाऱ्या बायकांविषयी मला फार आदर वाटतो. कथा पुढे परत आली, मराठीतून. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे सेदेरला वाचायची पोथी, छापली गेली, 1874 साली पुण्यात दुसरी निघाली, आणि त्या पुण्याच्या प्रतीत साड्या नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे बिनखमिराच्या पोळ्या, करताना चितारलेल्या आहेत.

माझ्या आठवणीतला पेसाह मात्र आधी खजुराच्या वासाचा आहे. आमचा शिरा म्हणजे खजुराचा पाक. अलिबागजवळच्या आजीच्या घरी सणाआधी भिंतींना चुना लागायचा, कल्हईवाला अंगणात बसून तांब्याची भांडी उजळायचा आणि त्यातलं सगळ्यात मोठं पातेलं थेट चुलीवर चढायचं. रात्रभर भिजलेला, बिया काढलेला खजूर त्यात शिजायचा. मग तो पातळ कापडात घालून दोघी बायका दोन टोकांनी पिळायच्या आणि गाळलेला रस पुन्हा मंद आचेवर आटायचा. आम्हा मुलांना पिळून उरलेला चोथा मिळे. दारावर कागद लावलेला असे, मेंढ्याच्या रक्तात बुडवून उमटवलेल्या पंजाचा. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. मिसरमध्ये दारांना लावलेल्या रक्ताची ती खूण आहे हे नंतर हगादा वाचताना समजलं.

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चूल गेली, अंगण गेलं, कल्हईवालाही दिसेनासा झाला. आईने शिऱ्यासाठी स्टीलचं एक जाड बुडाचं पातेलं ठेवलं. ते वर्षभर माळ्यावर चादरीत बांधलेलं असे आणि पेसाहखेरीज कधीच खाली येत नसे. भाऊ इस्रायलमध्ये लोदला गेला त्या वर्षी तिने त्याच्याबरोबर बाटलीभर शिरा दिला. तिथे खजुराचा मध दुकानात मिळतो हे तिला माहीत होतं. तरी दिला.

आता तेच पातेलं माझ्याकडे आलं, आणि त्याच्याबरोबर पाहुणेही. भावाची मुलगी नवऱ्यासह यायची होती. तिच्या नवऱ्याचं घराणं मूळचं पोलंडचं, आणि त्या ज्यूंमध्ये पेसाहला भातही चालत नाही. मध्ययुगापासून त्यांनी तांदूळ, डाळी, कडधान्यं, मटार, मोहरीसुद्धा वर्ज्य केली आहे. भाची फोनवर म्हणाली, “आत्या, तू काही वेगळं करू नकोस, तो मात्सा आणि मटण खाईल.” पण घरी आलेल्या जावयाने सणाच्या रात्री ताटातलं निवडून बाजूला सारत जेवावं, हे मला मान्य नव्हतं. एका ताटात दोन्ही रिवाज बसायला हवे होते.

दुसरी अडचण घड्याळाची. सेदेरला जेवण उशिरा येतं. आधी अर्धी हगादा वाचायची, धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, दोन प्याले व्हायचे, मग ताटं. म्हणजे तासाभराहून जास्त वेळ अन्न झाकून राहणार. तळलेलं पापलेट तिथेच बाद झालं. जे थांबून मुरतं तेच घ्यायचं: हिरव्या मसाल्यातलं मटण, वर नारळाचं दूध. आमच्यात मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, त्यामुळे नारळाने पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला सांभाळून घेतलं आहे. मात्र परत गरम करताना रस्सा फुटतो, म्हणून पातळ दुधात मटण शिजवून ठेवायचं आणि जाड दूध दुसरा प्याला झाल्यावर घालायचं. बटाट्याच्या भाजीला मोहरीची फोडणी नाही, कढीपत्ता आणि मिरचीच. तांदळाच्या भाकऱ्या आणि भात आमच्यासाठी, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. भाकरीचं पीठ मिक्सरवर घरीच काढलं, कारण गिरणीत आधी कोणाचा गहू दळला गेला असेल सांगता येत नाही. नव्या सालाला आम्ही करतो तो चिकाचा हलवा गव्हाचा, तो अर्थातच नाही. त्याऐवजी चायना ग्रास आणि नारळाचं दूध. प्याल्यांसाठी काळ्या मनुकांचं सरबत. त्यातला एक प्याला प्रेषित एलियाहू हनाबीसाठी, ज्याच्या नावाने आम्ही एरवी पोह्यांचा मलिदा करतो.

मटण मी आधीच सांगून ठेवलं. विधीप्रमाणे कापणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत, आणि सणाच्या आठवड्यात सगळ्यांना एकदमच हवं असतं. मात्सा थोडे डब्यातले, थोडे घरचे. पाणी पिठाला लागल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटं, त्यामुळे एकीने मळायचं, एकीने लाटून काट्याने टोचायचं, एकीने तव्यावर उभं राहायचं. आई खुर्चीत बसून वेळ सांगत होती, आणि तिचा आवाज अगदी जुन्यासारखा खणखणीत होता.

शिरा मी एकटीने केला. तो विटांच्या गाऱ्याची आठवण आहे, गुलामांनी कालवलेल्या. सफरचंद आणि अक्रोड कुटून करतात ते हारोसेत दिसायला गाऱ्यासारखं असेल, जावयाने करून दाखवलं तेव्हा मला आवडलंही. पण कडू पानावरून ओघळणारा काळसर शिरा जिभेला लागला की कडू आणि गोड वेगळं काढता येत नाही, आणि त्या रात्रीचा अर्थ मला तिथे जास्त कळतो. मग टेबलावर दोन्ही वाट्या ठेवल्या. त्यानेही एक गोष्ट सुचवली: त्याच्या आजीकडे मिठाच्या पाण्यात कोथिंबिरीऐवजी उकडलेला बटाटा बुडवत. मी मिठाच्या पाण्यात कोथिंबीरही ठेवली आणि बटाटेही. मुलांनी बटाटे संपवले आणि हगादा शेवटपर्यंत शांतपणे ऐकली. पुढच्या वर्षीही बटाटे राहतील.

दुसऱ्या रात्रीचा सेदेर मावशीकडे होता. उरलेलं मटण आणि हलवा तिकडे नेला, शिऱ्याची बरणी घरी ठेवली. आठ दिवस सकाळी मात्साबरोबर तोच नाश्ता असतो. भाचीने निघताना कृती विचारली. आईने सांगितलं, मी लिहून घेतलं: खजूर मऊ घ्यावा, बी मोजून काढावी, एकही राहू नये, पिळताना घाई नको, आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की आच बंद करावी, कारण थंड झाल्यावर तो आणखी दाटतो.