विमान सुटण्याआधीचं बोलणं

माधवसागरावरची मोटारबोट. 1930च्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं कराचीहून निघायची आणि राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद अशी पाणी गाठत कलकत्त्याला पोचायची. ग्वाल्हेरचा मुक्काम माधवसागर तलावावर. तिथं धावपट्टी म्हणजे पाणीच, त्यामुळे विमान येण्याआधी बोटीतून फेरी मारून बघावं लागे, वाटेत ओंडका नाही ना, एखादा कोळी आपली नाव घेऊन मधे आलेला नाही ना. मग उतरायला हरकत नाही असा निरोप. पुढे हा मार्ग बंद पडला आणि बोटीचं काम संपलं. ग्वाल्हेरात आज फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणून विमान सुटण्याआधीच्या बोलण्यातून गेलेल्या गोष्टींच्या या यादीत ती पहिली.

विमानातला रेडिओ ऑफिसर. डाकोटा विमानात वैमानिकांच्या मागे त्याची जागा. कानाला हेडफोन, बोटाखाली मोर्सची कळ. त्याचं बोलणं तीन-तीन अक्षरांत चाले. क्यूडीएम म्हणजे तुमच्याकडे यायला कुठली दिशा धरू, क्यूएनएच म्हणजे उंचीमापकावर हवेचा दाब किती लावू. कळ गेली, माणूस गेला, पण क्यूएनएच रोज ऐकू येतो. आज पंचविशीतला को-पायलट ती अक्षरं इतक्या सहज म्हणतो, की ती तारायंत्राच्या काळातली आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नसेल.

ही खुर्ची गेली याचं मला दुःख नाही. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि 349 माणसं गेली. त्यातल्या कझाक विमानात दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलत होता रेडिओ ऑपरेटर, आणि विमान होतं दुसऱ्यांच्या हातात. पंधरा हजार फुटांवर थांबायची सूचना मिळाली होती, विमान त्याच्या खाली उतरलं. चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. जन्म गुना इथला, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलाच. निरोप ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, एवढ्या फटीत काय काय निसटतं ते त्या संध्याकाळी दिसलं.

टेलिप्रिंटरची फीत. संदेशाच्या सुरुवातीला झेडसीझेडसी, शेवटी एनएनएनएन. मधे कुणासाठी, किती तातडीचा, कुठून. ग्वाल्हेरचा पत्ता व्हीआयजीआर. तातडीचीही उतरंड ठरलेली, संकटातल्या विमानाचा संदेश एसएस या अक्षरांनी निघे आणि बाकी सगळ्यांना बाजूला सारून पुढे जाई.

इंडियन एअरलाइन्सचं दिल्ली–ग्वाल्हेर–भोपाळ–इंदूर–मुंबई असं टप्प्याटप्प्यानं जाणारं विमान होतं तेव्हा या फितीची किंमत कळायची. ग्वाल्हेरहून विमान उडालं, की किती वाजता उडालं, माणसं किती, कुठल्या कप्प्यात किती सामान, हे सगळं विमानाच्या आधी भोपाळला पोचलं पाहिजे. ते पोचलं नाही तर भोपाळची माणसं हातगाड्या घेऊन चुकीच्या दाराशी उभी. यंत्र खडखडू लागलं की खोलीतले सगळे मान वळवून बघायचे. आता हाच संदेश संगणक संगणकाला देतो, बिनचूक आणि क्षणात, आणि त्यासाठी मान वळवायचं कारण कुणालाच उरलेलं नाही.

नागपूरची मध्यरात्र. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार गावांहून चार विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करून पहाटेआधी आपापल्या वाटेला लागायची. दिल्ली–नागपूर रेघ नकाशावर ओढली तर ती ग्वाल्हेरच्या थोड्या पश्चिमेकडून जाते, म्हणजे गावातल्या लष्कर भागात गच्च्यांवर झोपलेल्यांना त्या विमानाची घरघर कधीमधी ऐकू येत असावी. मला या सेवेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: पुढं ज्या आभाळात शिरायचं त्या आभाळातून नुकताच बाहेर पडलेला माणूस समोर उभा असायचा. चहा पिता पिता त्याला विचारता यायचं, काय रे, कसं आहे तिकडे? 1970च्या दशकात ही सेवा थांबली.

हवामानाचा हातानं रंगवलेला नकाशा. आता जरा थांबायला हवं.

डिसेंबर-जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरला धुकं पडतं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. सकाळी आठला किल्ला नाहीसा झालेला असतो. एवढी मोठी टेकडी, तिच्यावर मानमंदिर, आणि समोर नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. अशा दिवशी वैमानिकाला नुसती ग्वाल्हेरची काळजी पुरत नाही. इथं उतरता आलं नाही तर कुठं? दिल्ली धुक्यात, लखनौ धुक्यात, जयपूरचं सांगता येत नाही. मग भोपाळ धरायचं का? भोपाळ धरलं की तिथवरचं इंधन लागणार, वर तिथं पोचल्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव लागणारच. इंधन वाढलं की वजन वाढलं, वजन वाढलं की सामान नाहीतर माणसं कमी.

हा हिशेब पूर्वी एका टेबलाभोवती व्हायचा. हवामान खात्याच्या माणसानं पेन्सिलीनं समदाब रेषा ओढलेल्या, पावसाच्या पट्ट्याला हिरवा रंग, धुक्याला पिवळा. कॅप्टन नकाशावर वाकायचा, उड्डाणाचं नियोजन करणारा डिस्पॅचर शेजारी इंधनाचे आकडे घेऊन उभा. कॅप्टन विचारायचा, "दहापर्यंत फाटेल का?" हवामानवाला म्हणायचा, "फाटायला पाहिजे." आणि त्या "पाहिजे"च्या आधी तो जेवढा वेळ गप्प राहिला, तेवढ्यावरून कॅप्टन ठरवायचा की हजार किलो जास्त घेऊन जाऊ.

ती चाचरण्याची जागा गेली, हीच माझी खरी तक्रार आहे. आजचा अंदाज त्या नकाशापेक्षा कितीतरी चांगला आहे, उपग्रह आहेत, दृश्यमानता मोजणारी यंत्रं धावपट्टीच्या कडेला उभी आहेत. पण टॅब्लेटवरचा मजकूर चाचरत नाही. खात्रीनं लिहिलेली ओळ आणि अंदाजानं लिहिलेली ओळ एकाच अक्षरांत येते.

ग्वाल्हेरात हवामानाचा विषय निघाला, की 30 सप्टेंबर 2001 आठवल्यावाचून राहत नाही. माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरला एका लहान विमानातून निघाले होते. खराब हवेत मैनपुरी जिल्ह्यात विमान कोसळलं, आठही जण गेले. 1991 ते 1993 या काळात हेच माधवराव देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्या दिवशी कोण कुणाशी काय बोललं असेल याचा तर्क करण्याचा मला अधिकार नाही. पण त्यानंतर इथल्या घराघरांत एखाद्याचं विमान पावसाळी हवेत असलं, की ते उतरेपर्यंत आई देवापाशी बसते, हे खरं.

डिस्पॅचचं काउंटर. नकाशाबरोबर तेही गेलं. वैमानिक आता फ्लाइट प्लॅन घरी किंवा हॉटेलात टॅब्लेटवर वाचून, बोटानं सही करून येतात. डिस्पॅचर बसतो गुरुग्रामच्या कुठल्यातरी नियंत्रण केंद्रात, समोर चार पडदे, आणि एका वेळी अनेक विमानं. अमेरिकेत 1938च्या कायद्यापासून डिस्पॅचरला स्वतंत्र परवाना आहे आणि उड्डाणाची जबाबदारी त्याची आणि कॅप्टनची सामाईक. आपल्याकडेही त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते, पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. माझं म्हणणं एवढंच, की उत्तरेतल्या धुक्याच्या दोन महिन्यांत तरी या दोघांनी सुटण्याआधी एकदा फोनवर बोलावं. फोन असतोच. सगळं पडद्यावर दिसत असताना करायचा कशाला, म्हणून तो राहतो.

लोड अँड ट्रिम शीट. मोठा कागद, खाली कार्बन. वरच्या टोकाला रिकाम्या विमानाचा निर्देशांक, तिथून पेन्सिलीची रेघ खाली उतरू लागते. पुढच्या कप्प्यात सामान, रेघ डावीकडे. मागच्या रांगांत माणसं, रेघ उजवीकडे. पायरी पायरीनं उतरत ती तळाच्या आकृतीत येते आणि वजनाच्या आडव्या रेषेला जिथं छेदते तो विमानाचा तोल. बिंदू आकृतीच्या आत पडला पाहिजे. सराव असलेला माणूस हे उभ्या उभ्या, कागद पंखाखालच्या ट्रॉलीवर टेकवून करायचा.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हवा विरळ होते, पंख कमी उचलतात, इंजिनाचाही जोर उतरतो. तेव्हा हा कागद घेऊन कॉकपिटच्या दारात उभं राहणं सोपं नसे.

"कॅप्टनसाहेब, आठशे किलो जास्त होतंय."

"सामान उतरवा."

"साहेब, लग्नाची मंडळी आहेत. नवरीच्या पेट्या आहेत त्यात."

"मग इंधन किती टाकलंय ते परत बघू या. दाखवा."

आणि दोघं पुन्हा पहिल्या ओळीपासून. शेवटच्या क्षणी आलेल्या दोन उतारूंसाठी खाली वेगळा चौकोन, त्यात हातानं आकडा, शेजारी सही. एक प्रत विमानात, एक जमिनीवर. आता मोठ्या कंपन्यांत हा हिशेब दूरच्या कार्यालयात होतो आणि थेट कॉकपिटमध्ये उमटतो. पेन्सिलीची रेघ चुकायची, संगणकाची चुकत नाही. तरी त्या कागदामुळे खालच्या माणसाला विमानाचा तोल कळत होता आणि वरच्या माणसाला नवरीच्या पेट्या कळत होत्या.

वैमानिकाची चामडी बॅग. आत नकाशांच्या जाडजूड फाइली. दर 28 दिवसांच्या चक्रानं नवी पानं यायची, जुनी काढून नवी घालायची, घालून झाल्याची नोंद करायची. हे काम बरेचदा घरच्या जेवणाच्या टेबलावर चाले. टॅब्लेटनं खांदा वाचवला, चांगलं झालं.

आकाशवाणीकडे वळणारी सुई. विमानातला दिशादर्शक मध्यम लहरींवरच्या कुठल्याही केंद्राकडे बोट दाखवतो, मग तिथून बातम्या लागोत की भजन. विमानतळाचा बीकन क्षीण असला तर वैमानिक जवळचं आकाशवाणी केंद्र लावायचे. बीकन आता मोडीत निघालेत, मध्यम लहरीही विरळ होत आहेत.

फोनवरून घ्यायचा एडीसी क्रमांक. हवाई संरक्षणाची परवानगी. पलीकडून सांगितला, अलीकडे लिहिला, परत वाचून दाखवला. आता ऑनलाइन मिळतो.

वॉच अवर्ससाठीची विनवणी. ही अजून पुरती गेलेली नाही, आणि ग्वाल्हेरची खास. महाराजपुऱ्याचा तळ हवाई दलाचा, 1985 पासून मिराज 2000 चं घर. मनोऱ्यात बोलणारा आवाजही हवाई दलाचा. नागरी विमानाला ठरलेल्या वेळेतच, म्हणजे वॉच अवर्समध्येच, जागा. दिल्लीहून विमान उशिरा निघालं तर डिस्पॅचरला विचारावं लागतं, अजून अर्धा तास मनोरा चालू ठेवता का? 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, काच आणि उजेड भरपूर आहे, पण उशिरा येणाऱ्या विमानासाठी अजूनही कुणीतरी कुणालातरी विचारतं. इथं नियमाला माणूस चिकटलेला आहे. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं.

मनोऱ्यातला दिवा. रेडिओ पूर्ण बंद पडला तर नियंत्रक विमानाकडे रोखतो तो. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, फेऱ्या मारत राहा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. समजलं हे सांगायला वैमानिकानं दिवसा पंख डोलवायचे, रात्री दिवे उघडझाप करायचे. वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या हा दिवा एकदाही न बघता निवृत्त होतात, पण एअर रेग्युलेशनच्या पेपरात त्यावर प्रश्न अजून येतो.