अडकित्ता खालच्या बॅगेत

तर मंडळी, येत्या शनिवारी अस्मादिकांचा अमेरिका दौरा आहे. कंपनीने नाही, ताईने बोलावलंय. भाच्याचा पहिला वाढदिवस! काल रात्री राणीसावरगावहून आईचा फोन. तिकीट, पासपोर्ट, डॉलर... काही नाही. पहिला प्रश्न, "अडकित्ता कुठं ठेवलास?"

"खालच्या बॅगेत."

"बघ बरं. वरच्या बॅगेत घालशील."

खालची म्हणजे विमानाच्या पोटात जाणारी, वरची म्हणजे आपल्या डोक्यावरच्या कप्प्यात. हा टोमणा आहे की काळजी, हे मला वर्षभर कळलेलं नाही. पण ऐकून घेण्याशिवाय इलाज नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी ताईच्या बाळंतपणाला आई एकटी अमेरिकेला गेली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. गंगाखेडहून रात्रीच्या गाडीने ती माझ्याकडे पुण्याला आली. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशोपा आणि घडीची विळी. विळीच्या पात्याला तिने पुठ्ठा गुंडाळून वर सुतळी आवळली होती.

मी पडलो इंजिनियर. एक्सेल शीट केली. वस्तू, वजन, कोणती बॅग, नियम काय. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मी लगेच बाजूला काढल्या. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून मार्च २०२२ पासून आपल्याकडे ते खालच्या बॅगेत चालत नाही. हे आईला सांगताना माझी कॉलर काय ताठ झाली होती म्हणता!

रात्री बॅग काट्याला लटकवली तर २४.२ किलो. मर्यादा २३. वरच एक पुरचुंडी होती, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेली, सव्वा किलोची. "आई, यात काय आहे?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "आजीचं सामान हाय." मला वाटलं, सुपाऱ्या असतील. सोडून बघितली नाही. उचलली आणि वरच्या बॅगेत टाकली. काट्यावर २२.९५. हुश्श!

दुसऱ्या दिवशी मुंबई विमानतळाच्या दारातून आई आत गेली, मी बाहेर. दीडेक तासाने फोन आला.

"अरे, आजीचा अडकित्ता काढला रे ह्यांनी. वर नेऊ देत नाहीत. मी म्हटलं, बाई, ह्यानं सुपारी कापतेत, माणसं नाही."

तपासणीच्या यंत्रात अन्नासारख्या सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळे. सगळ्या नारिंगी लाडवांमध्ये आजीचा अडकित्ता निळाशार उठून दिसला असणार. तपासणीवरच्या बाई मराठीच होत्या, नीट बोलत होत्या. त्यांनी दोन मार्ग सांगितले. परत काउंटरवर जाऊन तो खालच्या सामानात द्यायचा, नाहीतर इथेच सोडायचा. विमानात चढायला पाऊण तास होता. आई एकटी, मागे जायचं, पुन्हा रांग... मला धास्ती वाटली. मी म्हणालो, "सोडून दे आई. नवीन घेऊ."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं."

तो अडकित्ता आजीच्या चंचीतला. लोखंडी पातं, पितळी मुठी, अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेला. आजी गेल्यावर आईने तिच्या वस्तूंतली तेवढी एकच मागून घेतली होती. ताई झाली, मी झालो, तेव्हा तोच बंद करून, सुतळीने बांधून बाळंतिणीच्या गादीखाली ठेवला होता. बाळ-बाळंतिणीजवळ लोखंड असावं, अशी आमच्याकडची रीत. आई तो त्यासाठीच नेत होती. हे तिने फोनवर सांगितलं नाही. मला ते ताईकडून नंतर कळलं.

नियमावर माझा राग नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पळवून नेलं, तेव्हा एका प्रवाशाचा चाकूने खून झाला. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. त्या दिवसानंतर ते बंद झालं. २०१३ मध्ये तिथे छोटे खिशातले चाकू पुन्हा नेऊ द्यायचं ठरलं होतं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत रद्द झाला. त्यांचं बरोबरच होतं, बंद विमानात पळून जाणार कुठे?

पण धारेला दुसराही अर्थ असतो, हे नियमालाही ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या नांदेडला हुजूर साहिब आहे. शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण बाळगता येते. पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. अडकित्त्यासाठी असा नियम कोणी करणार नाही, करूही नये. त्याला खालची बॅग होतीच की! आईने तो तिथेच ठेवला होता. विळीसुद्धा तिने बांधली तशीच टेक्सासला सुखरूप पोचली, पाचवीच्या पूजेत बसली. आईची सगळी बांधाबांध बरोबर होती. बिघडवली ती मी. मला त्या पुरचुंडीत फक्त सव्वा किलो दिसले.

मध्ये एका शनिवारी पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलो होतो. तिथे काचेआड अडकित्तेच अडकित्ते आहेत. घोड्याचे, पोपटाचे, जोडप्याचे. लोक फोटो काढत होते. मी आपला आजीच्या अडकित्त्यासारखा साधा कुठे दिसतो का, तेच शोधत राहिलो. आज हिशेब करतो तर वाटतं, पाऊण तास पुरला असता कदाचित. निदान "थांब, मी विचारतो" एवढं तरी म्हणायला हवं होतं. असो.

दसऱ्याला गावी गेलो तेव्हा गंगाखेडच्या बाजारातून नवा अडकित्ता घेऊन गेलो आणि आईपुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"खाली ठेव. धारेची वस्तू हातात देऊ नाही, भांडण होतं."

मी तो जमिनीवर ठेवला. मग तिने उचलला, दोनदा उघडबंद केला, एक सुपारी कातरून बघितली. मी म्हणालो, "आई, तेव्हा मी चुकलो."

"हाव," ती म्हणाली. वर मला अर्धी सुपारी दिली. "हा ताईला नेऊन दे. बाळाच्या आजीचा म्हणून राहील."

सामान भरण्याच्या सूचना परवा पुन्हा वाचल्या. खालच्या बॅगेतली धारदार वस्तू नीट गुंडाळलेली असावी, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही. वाचून हसूच आलं. कुणाच्या तरी हाताला लागू नये म्हणून आई विळीला पुठ्ठा गुंडाळते, अडकित्ता खाली ठेवायला लावते. तिने काही ही सूचना वाचलेली नाही.

तेव्हा काल रात्री अडकित्ता मिटला, सुतळीने बांधला, पुठ्ठ्यात घातला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि खालच्या बॅगेच्या मधोमध ठेवला. वजन भरलं २३.६.

या वेळी माझे बूट काढले.