केबिनमधली केटली

भाईजान ट्रकवर असतात. मालेगावहून कापडाच्या गाठी भरायच्या आणि इंदूर, ग्वाल्हेर, कधी कानपूर गाठायचं. एकदा निघाले की पंधरा-वीस दिवस घर दिसत नाही. सीटमागची अरुंद फळी ही त्यांची झोपायची जागा, आणि केबिन हेच घर. घर म्हटलं की त्यात एकेक वस्तू येतेच. त्यांच्या या घरात वस्तू आणून ठेवणारे मात्र आम्ही होतो.

आधी अम्मीने पंखा दिला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण भाईजानची गाडी कितीतरी जुनी. मे महिन्यात त्यांचा पत्रा तव्यासारखा तापतो. मग शुगर वाढली, इन्शुलिन सुरू झालं, म्हणून भाबीने बारा व्होल्टची गार पेटी घेतली. आणि थंडीत, पावसात ते केबिनमध्येच गॅसची छोटी शेगडी पेटवतात हे कळल्यावर आम्ही घाबरून इन्व्हर्टर आणि सहाशे वॅटची केटली दिली. म्हटलं, "भाईजान, आग का खेल छोडो. बटन दाबो, चाय पिओ." आग टाळण्यासाठी दिलेली वस्तू ती.

मागच्या हिवाळ्यात भाईजान घरी आले तेव्हा उजव्या हाताच्या पंजाला पट्टी होती. "सायलेन्सर लगा," म्हणाले. खरं काय ते क्लीनर पोऱ्याने सांगितलं, तेही महिन्याभराने. सेंधव्याच्या पुढे एका धाब्यावर गाडी उभी होती. पहाटे चहासाठी केटली लावली आणि गादीखालून रबर जळाल्याचा वास आला. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत आलेली वायर गादीखाली गुंडाळून ठेवलेली होती. तिचं आवरण वितळलं, रजईने धूर धरला. भाईजाननी हातानेच वायर ओढून काढली. पोऱ्याने खाली उडी मारून बॅटरीचा कटऑफ बंद केला म्हणून गाडी वाचली, आणि दोघंही.

"आम्हाला का नाही सांगितलं?" अम्मी रडायला लागल्या. भाईजान म्हणाले, "तुम लोगोंने इतने प्यार से दिया था, क्या बोलता?"

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही उर्दू शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. बर्क़ी रौ, मज़ाहमत, ओहम का क़ानून, सगळं फळ्यावर दरवर्षी लिहितो. आणि तेच घरात कामाला आलं नाही. वही काढून हिशेब केला. सहाशे वॅटची केटली घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम अडीच-पावणेतीन अँपिअर घेते. ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे चोवीस व्होल्ट. तीच केटली तिथे पंचवीस अँपिअर मागते, इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती धरली तर तीसच्या जवळ. वीज दहापट झाली की त्याच वायरीत उष्णता शंभरपट होते. आणि वायर कोणती? घरात दिव्या-पंख्याला वापरतात ती. बसवणाऱ्याला ती पुरेशी वाटली, आम्हालाही वाटलीच असती.

फ्यूज होता, पण तो सारखा उडायचा म्हणून कुणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार पिळून दिली होती. फ्यूज केटलीला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, आणि वायर जितकी पेलेल तितक्याच अँपिअरचा.

गार पेटीचं दुखणं वेगळंच निघालं. ती बारा व्होल्टची, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोडलेली. त्यामुळे ती एक उपाशी राहायची आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तापायची. सकाळी गाडी ढकलून चालू करावी लागते म्हणून भाईजान बॅटरीवाल्याला शिव्या देत होते, तो बिचारा निर्दोष. बारा व्होल्ट हवे असतील तर दोन्ही बॅटऱ्यांवरून कन्व्हर्टर लावून घ्यायचे असतात. शिवाय तसल्या स्वस्त पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश गार करतात. बाहेर पंचेचाळीस असेल तर आत पंचवीस-तीस. फ्रीजचे दोन ते आठ अंश तिथे कुठून यायचे?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न उघडलेलं इन्शुलिन घरच्या फ्रीजमध्ये ठेवा. हे वापरात असलेलं पेन तीस अंशांच्या आत चार आठवडे चालतं. म्हणजे एका फेरीला एक पेन पुरे. आता ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, पाणी न लागेल अशा डबीत जातं. माळव्याच्या कोरड्या उन्हात मडकं चांगलं गार राहतं. पावसाळ्याचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे.

इन्व्हर्टर काढून टाकला. पंखा चोवीस व्होल्टचा घेतला, स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज घालून. मोबाईल गाडी चालू असतानाच चार्ज होतो. गाडी उभी असताना रात्री अर्धा-अर्धा तास व्हिडीओ कॉल लावायची अम्मींची सवय मोडायला सगळ्यांत वेळ लागला. "बेटे का मुँह देखे बगैर नींद कैसी?" हा त्यांचा सवाल. आता ते इंजिन बंद करण्यापूर्वी दोन मिनिटं तोंड दाखवतात. शेगडी पुन्हा आली आहे, पण ती केबिनबाहेर, जमिनीवर पेटते, असं ते सांगतात. पोऱ्यालाही आम्ही विचारतो.

केटली आमच्या शाळेत आहे. आठवीची मुलं तिच्या बुडाशी लिहिलेले वॅट वाचतात, आधी २३०ने भागतात, मग चोवीसने. मागच्या बाकावरच्या दोघांचे अब्बा ट्रकवरच आहेत.