निसटती पकड

जे यंत्र एकदम बंद पडते त्याच्यावर माझा फारसा राग नाही. त्याचे दुखणे उघड असते. दुरुस्ती झाली तर ते चालू लागते, नाही तर भंगारात जाते. खरा छळ मांडते ते अर्धवट बिघडलेले यंत्र. वैद्यापुढे उभे केले की ते धडधाकट असते आणि घरी आणले की पुन्हा कण्हू लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मोटारीतील वातानुकूलनाने हाच खेळ आरंभिला होता.

वर्ध्याहून नागपूरला आम्हांस दरमहा जावे लागते. अण्णांच्या डोळ्याच्या पडद्याचे दुखणे आहे व त्यावर महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. त्यात खंड पडल्यास गेलेली दृष्टी परत मिळेलच असे नाही, हे डॉक्टरांनी बजावून ठेवले आहे. निघताना गाडीत माघातल्यासारखा गारवा असे. पुढे बुटीबोरीच्या आसपास झरोक्यांतून कोमट वारा येऊ लागे, बॉनेटखालून एक किंकाळी उठे आणि तिच्यामागून जळका वास. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ८२ वर्षांच्या माणसाने हे कसे सोसावे? अखेर अण्णा शांतपणे म्हणाले, "आता पाऊस पडल्यावर जाऊ रे." त्या वाक्याने माझी झोप उडाली.

ज्या कारखान्यात आम्ही गाडी नेत असू तेथे ती थंड असतानाच तपासली जाई. प्रथम गॅस भरला, पुन्हा गॅस भरला, आणि तिसऱ्या खेपेस सबंध कॉम्प्रेसरच बदलण्याचा सल्ला मिळाला. परंतु गॅस कमी झाला असता तर दाबावर नजर ठेवणाऱ्या स्विचने कॉम्प्रेसर मुकाट्याने बंद केला असता. मग ही किंकाळी व हा वास कोठला?

शेवटी गावातील एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. ते एवढेच म्हणाले, "साहेब, थंड गाडी आणू नका, तापवून आणा."

हा क्लच मोठा गमतीचा आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पुली अखंड फिरत असते. तिच्यासमोर कॉम्प्रेसरच्या दांड्याला बसविलेली पोलादी चकती स्वस्थ उभी असते. पुलीमागील तांब्याच्या वेटोळ्यात वीज शिरली की लोहचुंबक जागा होतो, चकती 'टक्' करून पुलीला चिकटते आणि दोघी एकजीव होऊन फिरतात. दोहोंमधील फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असावी लागते. घासून घासून ती वाढली की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. त्यात उष्णतेची भर! वेटोळे २५ अंशांवरून १०० अंशांवर गेले की तांब्याचा विद्युत्-विरोध सुमारे तीस टक्के वाढतो आणि प्रवाह त्या मानाने रोडावतो. सकाळी जेमतेम पुरणारी पकड दुपारी निसटते ती यामुळे. निसटली की घर्षण, घर्षणाने अधिक उष्णता, आणि उष्णतेने पकड आणखी ढिली!

मिस्त्रींनी चकतीवर एक व पुलीच्या कडेवर एक अशा खडूच्या दोन खुणा केल्या. गाडी अर्धा तास तापविल्यावर त्यांच्या नातवाने मोबाईलवर, सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या संथ गतीने, ते चक्र टिपले. आरंभी दोन्ही खुणा जोडीने फिरत होत्या. तापल्यावर चकतीची खूण मागे मागे पडू लागली. दुखणे डोळ्यांनी दिसले! वेटोळ्यापर्यंत वीज पुरेशी पोहोचत होती आणि इंजिन बंद करून हाताने फिरविला असता कॉम्प्रेसरचा दांडाही मोकळा फिरत होता. म्हणजे दोष ना तारेचा, ना कॉम्प्रेसरचा. फट मोजली, ती ०.९ मिलिमीटर भरली. चकती उतरवून तिच्यामागील ०.४ मिलिमीटरचा एक पातळ वॉशर काढून टाकला, घासलेला पृष्ठभाग साफ केला, आणि काम झाले.

१९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने प्रथम वातानुकूलित मोटार विक्रीस आणली तेव्हा तिच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. गारवा नको झाल्यास इंजिन थांबवून, झाकण उघडून पट्टा हाताने काढावा लागे. तेथे धरणे तेवढे होते, सोडणे नव्हते. धरावे तर घट्ट आणि सोडावे तर पूर्ण, ही सोय मागाहून आली. आणि तिच्याबरोबर अर्धवट धरण्याचे दुखणेही आले. माणसांच्या नात्यांतही जळका वास येतो तो बहुधा याच अवस्थेत. तेथे मात्र आपण थंड वेळी तपासणी करतो आणि सारे ठीक असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे होतो.

जूनचे इंजेक्शन वेळेवर झाले. पाऊस अद्याप यावयाचा होता. बुटीबोरी केव्हा मागे पडली हे अण्णांना कळलेही नाही. ते मागल्या बाकावर गाढ झोपले होते.